आकड्यांचे दप्तर आणि कारभाऱ्याचा निर्णय

संस्था लहान असो वा मोठी, तिच्या दप्तरात आज जितके आकडे साठतात तितके पूर्वी कधीही साठत नव्हते. आणि तरीही संचालकांच्या बैठकीत एखादा अवघड प्रश्न निघाला, की बहुधा सर्वांत ज्येष्ठ किंवा सर्वांत मोठ्या आवाजाच्या सभासदाच्या अदमासावरच त्याचा निकाल लागतो, हे ज्यांनी अशा बैठका जवळून पाहिल्या आहेत त्यांना नव्याने सांगावयास नको. साठलेली नोंद आणि घ्यावयाचा निर्णय यांमधील हे अंतर पद्धतशीरपणे तोडण्याची जी विद्या गेल्या काही दशकांत रूढ झाली, तिला बिझनेस इंटेलिजन्स असे नाव आहे. पतसंस्था, दूध संघ, कारखाना, रुग्णालय किंवा चार दुकानांची पेढी चालविणाऱ्या वाचकाला ही विद्या कशी उपयोगी पडेल, आणि तिच्या नावावर विकल्या जाणाऱ्या सामानातील कोणते त्याने घेऊ नये, हे सांगण्याचा येथे उद्देश आहे.

आधी व्याख्या. संस्थेच्या स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी निरनिराळ्या दप्तरांतून एकत्र आणणे, त्यांची शहानिशा करणे, प्रत्येक आकड्याचा अर्थ सर्व खात्यांना एकच कळेल अशी व्याख्या ठरविणे, आणि ज्याच्या मुखत्यारीत निर्णय आहे त्याच्यापुढे, निर्णयाची वेळ टळून जाण्यापूर्वी, त्याला उमजेल अशा रूपात ते सर्व मांडणे, हा अखंड चालणारा व्यवहार म्हणजे बिझनेस इंटेलिजन्स. या व्याख्येत संगणकाचे नाव आलेले नाही, हे वाचकाच्या लक्षात आले असेल. संगणकावाचून आज हे काम चालणार नाही, हे खरे. परंतु ज्या आकड्याने कोणाचाही निर्णय बदलू शकत नाही तो आकडा कितीही रंगीत पडद्यावर झळकला, तरी तो या व्याख्येबाहेरच राहतो. पुढील सर्व विवेचनात मी हीच एक कसोटी धरून चालणार आहे.

ही संज्ञा वाटते तितकी अर्वाचीन नाही. रिचर्ड मिलर डेव्हन्स या अमेरिकन लेखकाने १८६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्यापारी आख्यायिकांच्या संग्रहात ती आढळते. हॉलंड, फ्लँडर्स, फ्रान्स आणि जर्मनी या देशांत बातमीदार नेमून लढायांचे निकाल इतरांच्या आधी मिळविणाऱ्या आणि त्यावर नफा कमावणाऱ्या सर हेन्री फर्नीस या लंडनच्या सावकाराचे वर्णन करताना त्याने ती योजिली आहे. आपल्याकडे उत्तर पेशवाईत निरनिराळ्या दरबारांतील वकिलांची पत्रे पुण्यास येत आणि नाना फडणीसांच्या राजकारणाला त्यांचा मोठा आधार असे, तो प्रकार फार निराळा नव्हे. पण या कल्पनेला शास्त्रीय रूप दिले ते आय. बी. एम. कंपनीतील हान्स पीटर लून या संशोधकाने. ऑक्टोबर १९५८ च्या निबंधात त्याने अशी योजना मांडली, की संस्थेत येणारा प्रत्येक कागद यंत्राने वाचावा, त्याचा सारांश काढावा आणि कोणत्या अधिकाऱ्याला कोणत्या विषयात कर्तव्य आहे याची टिपणे आधीच जवळ ठेवून तो सारांश नेमक्या त्याच माणसाकडे धाडावा. त्यानंतर १९७० मध्ये एडगर कॉड याने माहिती परस्परसंबद्ध तक्त्यांत साठविण्याची उपपत्ती मांडली. १९८९ मध्ये हॉवर्ड ड्रेस्नर याने बिझनेस इंटेलिजन्स ही संज्ञा या सर्व साधनांचे समुच्चयवाचक नाव म्हणून पुन्हा प्रचारात आणली. आणि बिल इनमन व राल्फ किम्बॉल यांच्या १९९२ व १९९६ मधील ग्रंथांनी डेटा वेअरहाऊस, म्हणजे निर्णयासाठी वेगळी राखलेली माहितीची कोठी, कशी बांधावी यासंबंधीचे दोन पंथच निर्माण केले. त्या पंथांचे वाद तज्ज्ञांनी खुशाल घालावेत. सामान्य कारभाऱ्याने लक्षात ठेवावी ती लूनची दृष्टी: माहिती कोणाला हवी आहे, हा प्रश्न त्याने यंत्राच्या आधी विचारला होता.

हिशेबाचे खाते आणि ही विद्या यांत गल्लत होऊ देऊ नये. ताळेबंद हा वर्ष सरल्यावर भागधारकांना, बँकेला आणि सरकारला द्यावयाचा जबाब आहे. तो कायद्याने ठरविलेल्या नमुन्यात असतो आणि तसाच असावा. इकडे बिझनेस इंटेलिजन्सचे गिऱ्हाईक संस्थेच्या आतले असते, आणि त्याला ‘गेल्या वर्षी नफा किती झाला’ यापेक्षा ‘कोणत्या मालावर, कोणत्या शाखेत, कोणत्या आठवड्यापासून तो घटू लागला’ हे हवे असते. पुढे काय होईल याचे भाकीत करणारे गणित ही आणखी पलीकडची पायरी आहे. जिच्या नोंदी अजून एकमेकींशी जुळत नाहीत अशा संस्थेने त्या पायरीवर उडी मारण्याचा मोह आवरावा.

आता उदाहरण घेऊ, आणि ते सर्वांच्या परिचयाचे घेऊ. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली गाडी सुटली, तेव्हापासून एस. टी.चा कारभार वाढत जाऊन आज राज्यात तिची सुमारे अडीचशे आगारे आहेत. वाहकाच्या हातातील यंत्रातून निघणारे प्रत्येक तिकीट ही एक नोंद असते: कोणत्या टप्प्यापासून कोणत्या टप्प्यापर्यंत, किती वाजता, कोणत्या प्रकारचा प्रवासी, किती भाडे. सहा किलोमीटरचा एक टप्पा, या हिशेबाने अवघ्या महाराष्ट्राच्या हालचालीचा नकाशाच जणू रोज लिहिला जातो. अशा आगाराचा कारभार आपल्याकडे आहे अशी कल्पना करा, आणि एका फेरीचे भारमान, म्हणजे आसनांच्या मानाने प्रवासी किती याचे प्रमाण, सतत कमी येत असल्यामुळे ती फेरी बंद करावी की नाही असा प्रश्न आपल्यापुढे आला आहे असे समजा.

वरवर पाहता उत्तर सोपे आहे. तक्ता उघडला, सर्वांत खालची फेरी शोधली आणि हुकूम काढला. परंतु ही फेरी संध्याकाळी आडगावी मुक्कामाला जाणारी असेल, तर सकाळी तेथून विद्यार्थ्यांना व दवाखान्यात जाणाऱ्यांना घेऊन परतणारी गाडी तीच असते, आणि रात्रीची फेरी रद्द झाली की सकाळची आपोआप रद्द होते. म्हणजे मोजणीचा घटक ‘फेरी’ धरावयाचा की जाऊन-येऊन पुरे होणारे संपूर्ण ‘नियत’, हे ठरल्याशिवाय आकडा बोलत नाही, किंवा बोललाच तर खोटे बोलतो. शिवाय सकाळच्या गाडीत पासधारक विद्यार्थी पुष्कळ असतील आणि त्यांची नोंद काळजीपूर्वक घेतली गेली नसेल, तर खचाखच भरलेली गाडीही तक्त्यात रिकामी दिसू शकते. असा तक्ता पाहून गाडी बंद करणारा अधिकारी आळशी नसतो. त्याने फक्त आकडा कसा जन्मला हे विचारलेले नसते.

यापेक्षाही सूक्ष्म अडचण उत्पन्नाच्या व्याख्येची आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील नागरिकांचा एस. टी. प्रवास विनामूल्य झाला आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात निम्मी सवलत मिळू लागली. या सवलतींचे मूल्य शासनाकडून महामंडळाला प्रतिपूर्तीच्या रूपाने मिळावयाचे असते. तेव्हा ‘प्रति किलोमीटर उत्पन्न’ म्हणजे वाहकाने आगारात भरलेली रोकड, की रोकड अधिक सवलतमूल्य? पहिली व्याख्या धरली, तर महिलांची गर्दी जितकी वाढेल तितका तो मार्ग दरडोई कमी कमाईचा दिसेल. दुसरी धरली, तर तोच मार्ग उत्तम ठरेल, पण त्यातील काही रक्कम अद्याप तिजोरीत आलेली नसेल. दोन्ही आकडे खरे आहेत. एक रोखीची चणचण पाहणाऱ्या लेखा अधिकाऱ्याच्या कामाचा आहे आणि दुसरा वाहतुकीचे नियोजन करणाऱ्याच्या. अनर्थ होतो तो एकाच बैठकीत एकाने हा आणि दुसऱ्याने तो आकडा त्याच नावाने वाचून दाखविला म्हणजे. म्हणून संस्थेच्या प्रत्येक महत्त्वाच्या मापाचे नाव, त्याची व्याख्या, त्यात काय धरले व काय वगळले, ती ठरविण्याचा अधिकार कोणाचा, आणि ती कोणत्या तारखेपासून अमलात आली, एवढा मजकूर एका वहीत लिहून ठेवणे हे या विद्येतील, माझ्या मते, पहिले आणि सर्वांत दुर्लक्षित कर्तव्य होय. या वहीला एक पैसाही खर्च येत नाही, म्हणूनच कदाचित ती कोणी विकावयास आणीत नाही.

तुलनेचा मामलाही असाच फसवा आहे. ‘गेल्या वर्षीच्या याच महिन्याशी तुलना’ हा प्रत्येक तयार डॅशबोर्डवरील लाडका रकाना. आता पंढरपूरच्या वाहतुकीला तो लावून पाहा. २०२२ साली आषाढी एकादशी १० जुलैला होती, २०२३ मध्ये ती २९ जूनला आली, आणि पुढच्या वर्षी १७ जुलैला. यात्रेचा मुख्य भर एका वर्षी जुलैत, दुसऱ्या वर्षी जूनमध्ये. मग जुलै २०२३ चे उत्पन्न आदल्या जुलैपेक्षा घसरलेले दिसले तर त्यात कोणाचा दोष? दिवाळीचेही तेच. २०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला झाले, २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे ते १२ नोव्हेंबरपर्यंत पुढे गेले; कापड, मिठाई, सोने, दुचाकी, यांपैकी कशाचाही व्यापार करणाऱ्या दुकानदाराचा ऑक्टोबर त्या वर्षी ‘पडला’ आणि नोव्हेंबर ‘उसळला’, आणि दोन्हींत त्याच्या कर्तबगारीचा भाग फारसा नव्हता. परदेशात तयार झालेली साधने इंग्रजी तारखा जाणतात, तिथी जाणत नाहीत. तेव्हा माहितीच्या कोठीत दिवसांचे एक स्वतंत्र कोष्टक ठेवावे, आणि त्यात तारखेसमोर सण, यात्रा, आठवडे बाजार, शाळांच्या सुट्या, लग्नसराई, पगाराचा दिवस, निवडणुकीची आचारसंहिता असे आपल्या धंद्याला लागू पडतील ते रकाने स्वतः भरावेत. एकदा बसून हे काम केले, की दिवाळीपूर्वीच्या तीन आठवड्यांची तुलना आधीच्या दिवाळीपूर्वीच्या तीन आठवड्यांशीच होते.

असाधारण काळ तर वेगळाच नोंदवावा लागतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. पुढे ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. या महिन्यांशी तुलना करून ‘वाढ’ दाखविणे म्हणजे शून्याशी तुलना करून आनंद मानणे होय. अशा अवधीवर कोष्टकात खूण करून ठेवली नाही, तर आणखी दहा वर्षांनी, त्या दिवसांची आठवण असलेली माणसे निवृत्त झाल्यावर, एखादा नवखा विश्लेषक त्या खड्ड्यातून गंभीर सिद्धान्त काढील.

नोंदी एकत्र आणण्याच्या कामात यंत्राचा वाटा मोठा आहे, पण कष्ट मात्र नावांचे असतात. वडगाव, पिंपळगाव, शिरसगाव या नावांची गावे महाराष्ट्रात किती आहेत हे कोणत्याही तलाठ्याला विचारावे. एका खात्याने गावापुढे तालुका लिहिला, दुसऱ्याने लिहिला नाही, तिसऱ्याने रोमन लिपीत तीन निरनिराळ्या वर्णांतरांनी लिहिला, की एकाच गावाचे चार ग्राहकसमूह बनतात, किंवा चार गावांचा एक. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचे धाराशिव आणि अहमदनगरचे अहिल्यानगर झाल्यानंतर ज्या संस्थांनी गावाचे नाव हीच त्याची ओळख मानली होती, त्यांच्या अहवालांत जुन्या नावाचे शहर एके दिवशी निकालात निघून नव्या नावाचे शहर शून्यातून वर येणे अटळच. उपाय जुना आणि साधा आहे: गाव, ग्राहक, माल, शाखा, पुरवठादार या प्रत्येकाला न बदलणारा क्रमांक द्यावा, नाव हे त्या क्रमांकाचे केवळ लेबल समजावे, आणि नवीन क्रमांक देण्याचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवावा. हे काम कंटाळवाणे आहे व त्याची कोणी वाखाणणी करीत नाही; परंतु अशा योजना फसतात त्या बहुधा याच ठिकाणी, पडद्यावरील आलेखांच्या सौंदर्यात नव्हे.

संस्थेमध्ये या विद्येचे स्थान कोठे असावे? संगणक खात्याकडे तिची सर्व मालकी सोपविणे मला गैर वाटते, कारण ‘थकबाकीदार’ कोणाला म्हणावे हे सर्व्हर सांभाळणारा ठरवू शकत नाही. ते वसुली अधिकाऱ्याने ठरवावयाचे असते. उलट सर्व काही व्यवहार खात्यांवर टाकले, तर प्रत्येक खाते स्वतःच्या एक्सेलच्या फायली बाळगते आणि आपल्याला सोयीचा आकडा बैठकीत आणते. व्याख्या व्यवहार खात्याने करावी, साठवण आणि सुरक्षितता संगणक खात्याने पाहावी, आणि दोहोंमध्ये दुभाष्याचे काम करणारा, धंदा कळणारा व आकड्यांना न बुजणारा एक माणूस नेमावा, ही वाटणी पुष्कळ ठिकाणी मानवते. वरिष्ठाला जे दिसते ते कनिष्ठालाही दिसावे, याविषयी मी आग्रही आहे. आगारप्रमुखाच्या आधी मुख्यालयाला त्याच्या आगाराचे भारमान कळत असेल, तर तो सुधारणेपेक्षा कैफियत तयार करण्यातच वेळ घालवील.

मापाचे हत्यार झाले की माप बिघडते, हा धोका येथेच उद्भवतो. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात हे निरीक्षण मांडले होते, आणि ते पेढीपासून पोलीस ठाण्यापर्यंत सर्वत्र लागू पडते. शाखाधिकाऱ्याची बढती केवळ ‘नवीन खाती किती उघडली’ यावर ठेवा, म्हणजे खाती उघडतील आणि रिकामी राहतील. ‘तक्रारी किती कमी झाल्या’ यावर शिपायापासून साहेबापर्यंत सर्वांची वर्षाची पारख ठेवा, म्हणजे तक्रारवही टेबलाखाली जाईल. म्हणून प्रत्येक मापाला त्याचा लगाम म्हणून दुसरे माप जोडावे: नवीन खात्यांबरोबर सहा महिन्यांनी व्यवहार चालू असलेली खाती, विक्रीबरोबर परत आलेला माल, कर्जवाटपाबरोबर पहिलाच हप्ता चुकविणारे कर्जदार. सरासरीवरही विसंबू नये. सरासरीने वसुली समाधानकारक असलेल्या पतसंस्थेत एका शाखेची स्थिती हाताबाहेर गेलेली असू शकते, आणि सभासदांचे पैसे बुडतात ते त्या एका शाखेत.

आता लहान संस्थेच्या वाचकासाठी. ज्याच्याकडे खतावणीचे सॉफ्टवेअर आहे, जो १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे भरीत आला आहे, आणि ज्याची बरीचशी गिऱ्हाइके मोबाईलवरून पैसे चुकते करतात, त्याच्याजवळ पुरेशा नोंदी आधीपासूनच आहेत. नव्याने काही गोळा करण्याआधी त्याच एका ठिकाणी आणाव्यात. प्रथम असे दोन-तीन निर्णय कागदावर लिहावे, जे आपण वारंवार घेतो आणि ज्यांत चूक झाल्यास पैसा जातो: कोणाला उधारी द्यावी, कोणता माल पुन्हा मागवावा, कोणत्या वाटेवर टेंपो पाठवावा. प्रत्येक निर्णयासमोर तो कोण घेतो, केव्हा घेतो, आणि कोणता आकडा कळला असता तर त्याने वेगळा निर्णय घेतला असता, हे लिहावे. तिसऱ्या रकान्यात काही सुचत नसेल, तर त्या निर्णयाला बिझनेस इंटेलिजन्सची गरज नाही असे खुशाल समजावे. जेथे सुचेल तेथे तेवढाच तक्ता एक्सेलमध्ये तयार करून तीन महिने हाताने चालवावा. या अवधीत व्याख्यांचे वाद बाहेर पडतात, नोंदीतील भोके दिसतात, आणि तक्ता खरोखर कोणी वाचतो की नाही हेही कळते. त्यानंतरच पॉवर बी. आय., टॅब्लो किंवा मुक्तपणे मिळणारे मेटाबेस अशा साधनांचा विचार करावा. विक्रेत्याच्या नमुन्याच्या आकड्यांवर साधन पारखू नये. आपला स्वतःचा, घाणेरडा, अर्धवट भरलेला मागील महिन्याचा हिशेब त्याच्यापुढे ठेवून ‘यावर चालवून दाखवा’ असे म्हणावे. करार मोडल्यास आपली सर्व माहिती वाचता येईल अशा स्वरूपात परत मिळेल की नाही, हे लेखी घेतल्याखेरीज सही करू नये.

एक सावधगिरी कायद्याचीही आहे. व्यक्तींच्या डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संसदेने संमत केला आहे. कोणत्या वाटेवर किती माल खपतो हे जाणण्यासाठी गिऱ्हाइकाचे नाव, मोबाईल क्रमांक किंवा आधार क्रमांक तक्त्यात असण्याचे काहीच कारण नाही. ते मूळ दप्तरातच राहू द्यावेत आणि कोठीत केवळ क्रमांक जावा. रुग्णालये आणि पतसंस्था यांनी याबाबत विशेष दक्ष असावे, कारण त्यांच्याकडील एक फाईल चुकीच्या माणसाला गेली तरी ती परत घेता येत नाही.

शेवटी एक विनंती. नवीन काही बसविण्यापूर्वी आपल्या संस्थेत आज दररोज, दर आठवड्यास व दरमहा तयार होणाऱ्या सर्व अहवालांची यादी करा, प्रत्येकासमोर तो तयार करण्यात कोणाचे किती तास जातात ते लिहा, आणि त्यांपैकी निम्मे अहवाल काही न बोलता पाठविणे थांबवा. जो महिनाभरात कोणी मागणार नाही तो कायमचा बंद करा, आणि ज्यासाठी दुसऱ्याच दिवशी कोणाचा तगादा येईल त्याच्यापासून कामाला आरंभ करा.